खिळे जुळवणारे मिशनरी

१० मार्च १८१७ रोजी मुंबईत आठ पानांची एक मराठी पत्रिका छापून हातावेगळी झाली. प्रती दीड हजार. मजकूर बायबलातल्या वेच्यांचा, लिपी बाळबोध, छापणारे अमेरिकन मिशनचे लोक. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या तारखेचा उल्लेख येतो, आमच्या मंडळीच्या इतिहासातही येतो. पण दोन्हीकडे तो एका वाक्यात उरकला जातो. मी आयुष्यभर नगरच्या आणि पुण्याच्या छापखान्यांत खिळे जुळवले. त्यामुळे ते एक वाक्य वाचून मला पुढे जाता येत नाही. भाषा नुकतीच शिकायला लागलेल्या परदेशी माणसाने, कलकत्त्याहून मागवलेल्या खिळ्यांनी आठ पानांचं मराठी उभं करायचं, म्हणजे बोटांखालून काय काय गेलं असेल ते मला कळतं.

ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुळारी उभ्याने काम करतो. पुढ्यात लाकडी केसी मांडलेल्या असतात, मसाल्याच्या डब्यासारखी त्यांत घरं असतात आणि प्रत्येक घरात एकाच अक्षराचे खिळे. इंग्रजी जुळाऱ्याचं काम दोन केसींत आणि दीडशेच्या आसपास घरांत भागतं. मराठीला चार केसी लागतात आणि घरं दुपटीहून जास्त होतात, कारण अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, अनुस्वार सगळे वेगळे. कुठल्या घरात काय आहे हे कुठेही लिहिलेलं नसतं. ते हाताला पाठ व्हावं लागतं. डाव्या हातात स्टिक धरायची, उजव्या हाताने खिळे उचलून तिच्यात बसवायचे. अक्षर उलटं दिसतं. खिळ्याच्या अंगावरची खाच अंगठ्याला लागली की तो नीट बसला, हे न पाहता समजतं. ओळ भरली की शब्दांमधल्या जागा कमीजास्त करून ती ताठ करायची. एक ओळ सैल राहिली तर फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेली पानं, उचलताना सगळं पान जमिनीवर सांडतं.

आणि हे झालं निम्मं काम. प्रूफ काढायचं, चुका चिमट्याने काढून दुरुस्त करायच्या, चौकटीत पाचरा ठोकून पान आवळायचं. त्या काळी कागद आदल्या दिवशी ओलसर करून ठेवत, शाई कातडी गोळ्यांनी अक्षरांवर थोपटत आणि दांडा ओढून एकेक ताव छापत. छापून झालं की खाराच्या पाण्याने खिळे धुवायचे आणि एकेक खिळा उचलून ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचा. खिळे थोडे असतील तर चार पानं जुळवायची, छापायची, मोडायची आणि त्याच खिळ्यांतून पुढची चार उभी करायची. जे काल मोठ्या कष्टाने उभं केलं, ते आज आपल्याच हाताने मोडायचं. नवा मुलगा या कामाला कंटाळतो. जो कंटाळत नाही तो पुढे चांगला जुळारी होतो, हे मी शिकवलेल्या कितीतरी मुलांत पाहिलं.

पहिल्या पत्रिकेचं काम होरेशियो बार्डवेल यांनी पाहिलं. ते अँडोव्हरच्या धर्मशास्त्राच्या विद्यालयात शिकलेले, दीक्षा घेतलेले पाळक. १८१५मध्ये अमेरिकेतून निघाले, सिलोनमार्गे १८१६च्या नोव्हेंबरात मुंबईला पोचले. छपाईची थोडी माहिती त्यांना होती, म्हणून छापखाना त्यांच्याकडे आला. मुंबईत त्यांच्या आधी आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नेवेल हे मोठ्या दृष्टीचे लोक. त्या दोघांनी लिहिलेलं एक पुस्तक १८१८मध्ये अमेरिकेत निघालं. जगातल्या साठ कोटी लोकांपर्यंत शुभवर्तमान कसं न्यायचं, त्याला माणसं किती लागतील, पैसा किती लागेल, याचा त्यात हिशेब मांडलेला आहे. एका बाजूला हा साठ कोटींचा हिशेब आणि दुसऱ्या बाजूला त्याच मिशनच्या घरात, उन्हाळ्याच्या तोंडावर, वेलांटीचे खिळे पुरतील का याचा हिशेब. मला दुसरा हिशेब जवळचा वाटतो. पण हे दोन हिशेब एकाच घरात चालले होते, त्यांच्यात भांडण नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. हॉल भाषांतर करत आणि ते कागदावर उतरण्यासाठी बार्डवेलांच्या केसींकडे येई. त्याच वर्षी मत्तयाचं शुभवर्तमानही छापलं गेलं.

बार्डवेल घरून निघाले ते उपदेशक व्हायला. समुद्र ओलांडून आल्यावर त्यांच्या वाट्याला शाईचे हात आले. प्रकृती ढासळल्यामुळे १८२१मध्ये ते परत गेले आणि पुढे १८३४मध्ये त्यांनी हॉल यांचं चरित्र लिहिलं. स्वतःच्या छापखान्यावर त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं असतं तर माझ्यासारख्याला ते हवं होतं.

मुंबईच्या आधीची गोष्ट बंगालातल्या श्रीरामपूरची. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण मिशनच्या कामात छापखान्याला मानाची जागा तिथे मिळाली. विल्यम कॅरी हे मूळचे चांभारकाम करणारे; इंग्लंडात जोडे शिवता शिवता भाषा शिकलेले. १७९३मध्ये हिंदुस्थानात येण्याआधी त्यांची भेट विल्यम वॉर्ड या डर्बीच्या तरुण मुद्रकाशी झाली होती आणि पुढे आम्हाला छापायला तुझी गरज लागेल, असं कॅरींनी त्याला सांगून ठेवलं होतं. वॉर्ड खरोखरच १७९९मध्ये आला. इंग्रज कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना थारा नव्हता, म्हणून डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात त्यांनी बस्तान बसवलं. सगळी कुटुंबं एकत्र जेवत आणि जो जे कमवेल ते एका पेटीत जाई. कॅरींचा फोर्ट विल्यम कॉलेजातला पगार, त्यांच्याबरोबरच्या मार्शमन दांपत्याच्या शाळेची मिळकत, छापखान्याचा नफा, सगळं एकत्र. १८०५मध्ये त्यांनी आपसांत एक करारनामा केला आणि तो वर्षातून तीनदा प्रत्येक ठाण्यावर मोठ्याने वाचायचा असं ठरवलं. कोण प्राध्यापक आणि कोण जुळारी, यावरून तिथे मोठं-लहान ठरत नव्हतं. वॉर्ड सुरुवातीला स्वतःच्या हाताने खिळे जुळवत.

मराठीशी श्रीरामपूरचा संबंध थेट आहे. कॅरी कॉलेजात मराठीही शिकवत. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी केलेलं मराठीचं व्याकरण १८०५मध्ये निघालं, त्यात मराठी शब्द नागरी खिळ्यांत आहेत. १८१०चा कोश मात्र मोडी खिळ्यांत, आणि मराठी नवा करारही त्यांनी मोडीतच छापला, कारण महाराष्ट्रात रोजचा व्यवहार मोडीत चाले. हे खिळे कोरणारे हात बंगाली लोहारांचे होते. पंचानन कर्मकार आणि त्यांचा जावई मनोहर. पंचानन लवकर वारले. मनोहरने पुढे जवळपास चार दशकं अक्षरं कोरली. १८३९च्या सुमारास एका पाहुण्या मिशनऱ्याने त्याला काम करताना पाहिलं, तेव्हा तो जमिनीवर बसून, समोर आपल्या देवाची मूर्ती ठेवून पोलाद कोरत होता. बायबलसाठीची अक्षरं. मनोहर हिंदू होता आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिला. त्याच्या कामात कुणी खोट काढली नाही आणि त्याच्या देवाला कुणी हात लावला नाही. त्या शतकातल्या मिशनबद्दल आपल्याकडे पुष्कळ कडू लिहिलं गेलं आहे, त्यातलं बरंच खरंही आहे. त्याच्या शेजारी मनोहरचा तो कोपराही मांडला पाहिजे.

११ मार्च १८१२च्या रात्री श्रीरामपूरचा छापखाना जळाला. कागद गेला, हस्तलिखितं गेली, खिळे वितळून शिशाचा गोळा झाला. राखेतून पोलादी पंच सुखरूप निघाले. ज्यावर अक्षर कोरलेलं असतं तो पंच. तो राहिला की साचा पुन्हा करता येतो आणि खिळे पुन्हा ओतता येतात. काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. आमच्या धंद्यातल्या माणसाला हा प्रसंग ऐकताना आधी आठवते ती मनोहरची मेहनत, मग बाकीचं.

आता मुंबईकडे परत. बार्डवेल गेले त्याच वर्षी, १८२१मध्ये, जेम्स गॅरेट आले. आमच्या मंडळीत हे नाव कुणाला ठाऊक नाही आणि माझ्या मते या सगळ्या कथेत सगळ्यात जास्त आदर त्यांना द्यायला हवा. गॅरेट हे धंद्याने मुद्रक होते, पाळक नव्हते. मिशन बोर्डाने त्यांना १८२०मध्ये सिलोनला पाठवलं, जाफन्याला मिशनचा छापखाना चालवायला. तिथे पोचल्यावर लेफ्टनंट गव्हर्नर एडवर्ड बार्न्स यांनी त्यांना राहू दिलं नाही. जे अमेरिकन आहेत ते पुरेत, आणखी नकोत, असं सरकारचं धोरण होतं. घरापासून हजारो मैलांवर, ज्या कामासाठी आलो ते दारातच नाकारलं गेलं. गॅरेट तिथून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आले आणि पुढे मुंबईला. तिथे नवी भाषा, नवी लिपी, नव्या केसी. तमिळ छापायला निघालेला माणूस मराठी छापायला लागला.

ते आले आणि नेवेल पटकीने गेले. पुढची पाच वर्षं मुंबई मिशनने एकामागून एक माणसं पुरली. १८२४मध्ये जॉन निकल्स, १८२५मध्ये एडमंड फ्रॉस्ट. १८२६च्या मार्चात गॉर्डन हॉल नाशिक-त्र्यंबककडे गेले होते. तिकडे पटकीची साथ होती. जवळचं औषध त्यांनी आजाऱ्यांना वाटून टाकलं आणि परतीच्या वाटेवर एका गावातल्या देवळाच्या ओसरीवर पहाटे त्यांनाच पटकीने गाठलं. २० मार्चला ते गेले. वय एकेचाळीस. बरोबरच्या मुलांनी तिथेच खड्डा खणून, पेटीशिवाय, त्यांना मूठमाती दिली. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पुरा झाला.

हॉल गेल्यावर मुंबईत मिशनचे पुरुष उरले दोन: ॲलन ग्रेव्हज आणि जेम्स गॅरेट. १८२७च्या डिसेंबरात नवी माणसं येईपर्यंत अशीच स्थिती होती. म्हणजे अर्धं मिशन हे एका मुद्रकाच्या खांद्यावर होतं. गॅरेट छापखाना बघत, शाळांकडेही लक्ष देत, बायबल सोसायटीची आणि पुढे ट्रॅक्ट सोसायटीची कामंही अंगावर घेत. मुंबईच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी येते, शाई सुकत नाही, शिशावर चिकट थर बसतो, लाकडी केसी फुगून ओढता येत नाहीत. हे मी अंदाजाने लिहीत नाही; विजेचे दिवे आणि पंखे असलेल्या छापखान्यातही आम्ही जुलैत हे सोसलं आहे. दहा पावसाळे काढून गॅरेट १८३१च्या जुलैत मुंबईतच वारले.

या वर्षांत मिशनकडे मोजायला फारसं काही नव्हतं. पहिल्या दहा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच. अमेरिकेतल्या चर्चमधून वर्गणी येई आणि तिकडचे लोक विचारत असणार, किती झाले? उपदेशकाला या प्रश्नाचं उत्तर देणं जड जात असेल. गॅरेटकडे रोज संध्याकाळी उत्तर असे: इतके ताव छापले, इतके फर्मे मोडले, इतकी पानं शिवायला गेली. मला असं म्हणायचं नाही की पानांची संख्या ही माणसांच्या संख्येच्या जागी बसवता येते. पण चिकाटीचा माणूस अशा काळात तग कसा धरतो, हे मला माझ्या धंद्यावरून समजतं. समोरचं पान बिनचूक करायचं. त्यात ओळ ताठ आहे की नाही, रफार योग्य अक्षरावर बसला की नाही, एवढंच विचारायचं असतं, आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे देता येतं. प्रार्थना माणूस घाईने उरकू शकतो. सैल ओळ घाईने उचलली तर ती लगेच पायाशी सांडते. गॅरेट यांचं दहा वर्षांचं ते काम ही त्यांची भक्ती होती, असं मी मनापासून मानतो.

त्यांनी जे छापलं ते सगळं मला पटतं असं नाही. त्या काळातल्या पुष्कळ पत्रिकांत मूर्तिपूजेवर आणि इथल्या चालीरीतींवर ज्या भाषेत लिहिलेलं आहे, ती वाचून ख्रिस्ती असूनही मला वाईट वाटतं. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याबद्दल असं बोलू नये, हे आमच्या घरी आईने शिकवलं होतं. लोकांनी उत्तरंही दिली आणि ती छापूनच दिली: मोरभट दांडेकरांनी १८४४मध्ये ‘उपदेशचंद्रिका’ काढलं, तर १८५७मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत आणि ते वादही पुढे पुस्तकरूपाने आले. छापखाना सगळ्यांच्या हातात गेला होता. तो कसा गेला, हे मला सांगायचं आहे.

मिशनच्या छापखान्यात काम करणारे बहुतेक लोक ख्रिस्ती नव्हते. पगारासाठी येत आणि काम शिकत. त्यांतले एक गणपत कृष्णाजी. भंडारी समाजाचे, शिक्षण बेताचं. मिशनमध्ये छपाई पाहिली आणि मग घरीच लाकडी यंत्र तयार केलं, बाजारातून शिळाछापासाठी दगड आणले, शाई स्वतः करून पाहिली. गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३च्या पुस्तकात त्यांच्या या खटपटीबद्दल प्रेमाने लिहिलं आहे. १८३१मध्ये, गॅरेट वारले त्याच वर्षी, गणपत कृष्णाजींनी पहिलं छापील मराठी पंचांग काढलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथी हाती धरत नसत. तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरलं, अशी आठवण सांगितली जाते. धंद्यातल्या माणसाने अडचण अशी सोडवावी. पुढे त्यांनी खिळ्यांचाही छापखाना घातला.

दुसरे थॉमस ग्रॅहॅम. मिशनच्या छापखान्यातच हाताखाली काम करत मोठा झालेला हा ईस्ट इंडियन मुलगा पुढे पंच कोरणारा झाला. १८३५मध्ये वेब्स्टर नावाचे अमेरिकन मुद्रक आले, तेव्हापासून मुंबईत खिळे ओतण्याच्या कामाला जोर आला आणि ग्रॅहॅमचा हात त्यात तयार झाला. कलकत्त्याचे नागरी खिळे उत्तरेकडच्या वळणाचे आणि जाडे होते. ग्रॅहॅमच्या अक्षरांना आपल्या बाळबोधाचं वळण आलं आणि आकार लहान झाला. आकार लहान होण्याला फार महत्त्व आहे. मोठ्या खिळ्यांत बायबल छापलं तर ते बैलगाडीने न्यावं लागेल. लहान आणि स्वच्छ खिळ्यात छापलं तर शेतकऱ्याच्या कोनाड्यात मावेल. ग्रेव्हजसारखे लोक आजारपणातही भाषांतर तपासत राहिले आणि १८४७मध्ये संपूर्ण मराठी बायबल छापून आलं. ‘ज्ञानोदय’ त्याआधी १८४२मध्ये आमच्या नगरला सुरू झालं होतं.

१८४९च्या आसपास मिशनच्या छापखान्यात एक दहा वर्षांचा मुलगा दरमहा दोन रुपयांवर कामाला लागला. काम खिळे घासण्याचं. ओतलेल्या खिळ्याच्या अंगाला शिशाची खरखर राहते; ती कानशीवर किंवा दगडावर घासून काढायची, चारही बाजू सारख्या करायच्या. एका बाजूला केसाएवढी जाडी राहिली तर ओळ वाकडी जाते. दिवसभर तेच, बोटं शिशाने काळी, कातडी सोलवटलेली. छापखान्यात याच्याहून खालचं काम फक्त झाडू मारण्याचं. त्या मुलाचं नाव जावजी दादाजी. वडील वारलेले, घरची गरिबी. पुढे इतर छापखान्यांत काम करून त्यांनी १८६४मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेली निर्णयसागरची अक्षरं, १८८१पासूनचं विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’, १८८६पासूनची काव्यमाला, हे सगळं तिथून आलं. संस्कृत ग्रंथांसाठी काशीचे पंडितही निर्णयसागरच्या प्रती मागत, कारण त्यात चूक सापडत नसे. मी शिकलो तेव्हा आमचे मुख्य जुळारी निर्णयसागरचं जुनं पान समोर ठेवून जागा कशी सोडायची ते दाखवत. शब्दांमधल्या त्या मोकळ्या जागा मी अजूनही डोळे मिटून सांगू शकेन.

जावजींना खिळे कुणी घासायला शिकवले, त्याचं नाव नोंदलेलं नाही. मिशनऱ्यांना त्या मुलाकडून काय हवं होतं? चौरस खिळा. तो बाप्तिस्मा घेईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात असेलही. पण त्यांनी त्याला जे दिलं ते चौरस खिळ्याचं शिक्षण, आणि त्याने ते घेऊन आपलं काम आपल्या मार्गाने केलं. माझ्या मते मिशनच्या मुंबईतल्या कामाचं हे सगळ्यात मोठं फळ आहे. आमच्या काही बांधवांना हे बोलणं आवडत नाही.

१८५४मध्ये अमेरिकेहून मिशन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन पाहणीला आले. इंग्रजी शाळा आणि छापखाने यांवर फार शक्ती खर्च होते, ती गावोगावच्या उपदेशाला लावावी, असं त्यांचं मत होतं. पुढे काही वर्षांत छापखाना मिशनच्या हातात राहिला नाही. अँडरसन यांचा निर्णय त्यांच्या दृष्टीने समजतो; खेड्यांतल्या मंडळ्या त्यातूनच वाढल्या, माझी स्वतःची मंडळीही. तरी खिळ्यांच्या कामाला त्यांनी उपदेशापेक्षा कमी मानलं, ही गोष्ट मला मान्य नाही.

त्या वेळी मुंबईत मिशनरी जॉर्ज बोवेन होते. ते १८४८मध्ये आले. आल्यावर थोड्याच काळात त्यांनी मिशनचा पगार घेणं सोडलं, शिकवण्या करून पोट भरलं, गरिबांच्या वस्तीत लहानशा खोलीत राहिले. ट्रॅक्ट सोसायटीचं काम, ‘बॉम्बे गार्डियन’चं संपादन, शिवाय रस्त्यावरचा उपदेश. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत आणि १८८८मध्ये इथेच वारले. एक साप्ताहिक आठवड्यामागून आठवडा काढणं म्हणजे काय, हे ज्याने काढलं त्यालाच कळतं. अंक बाहेर पडला की पुढच्या अंकाची गॅली, म्हणजे जुळवलेल्या ओळी ठेवायचा ट्रे, रिकामी उभी असते. बोवेन यांच्या साधेपणाबद्दल पुष्कळ बोललं जातं. त्यांनी न चुकता भरलेल्या त्या गॅल्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

माझे वडील चर्चचे शिपाई होते. घंटा वाजवणं, सतरंज्या झटकणं, शनिवारी काच पुसणं, प्रभुभोजनाचे पेले धुणं हे त्यांचं काम. पंच कमिटीत त्यांना कधी कुणी बसवलं नाही. म्हणून असेल, पण हॉल, नेवेल, नॉट ही नावं दरवर्षी फेब्रुवारीत मोठ्याने घेतली जातात (१८१३च्या फेब्रुवारीत हॉल आणि नॉट मुंबईला उतरले), तेव्हा माझं मन मागच्या बाकावर बसलेल्या माणसांकडे जातं.

गेल्या वर्षी मी आमच्या पाळकसाहेबांना एक यादी लिहून दिली: बार्डवेल, गॅरेट, वेब्स्टर, ग्रॅहॅम, गणपत कृष्णाजी, जावजी दादाजी, आणि श्रीरामपूरचा मनोहर. उपासनेत हॉल साहेबांच्या नावानंतर ही नावं वाचावीत, अशी विनंती केली. पाळकसाहेब तरुण आहेत, वाचणारे आहेत. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाले, “काका, पहिली चार मी वाचतो. पण गणपत कृष्णाजी तर पंचांगवाले. कमिटीला काय सांगू?”

“सांगा की त्यांनी छपाई आपल्या लोकांकडून घेतली आणि घरोघर पोचवली,” मी म्हणालो. “आणि मनोहरने कोरलेल्या अक्षरांत देवाचं वचन छापलं गेलं, हेही सांगा.”

पहिली चार नावं त्या फेब्रुवारीत वाचली गेली. उरलेल्या तिघांचा प्रश्न कमिटीपुढे आहे. मी अर्ज लिहून दिला आहे, सोबत निर्णयसागरचं एक जुनं पान जोडलं आहे, आणि पुढच्या बैठकीला मी स्वतः जाणार आहे.